परसातली खुर्ची : पाखरं, शास्त्र आणि रहस्यकथा यांच्यासाठी एक जागा कशी लावावी

आमच्या नगरच्या घरामागे (गावाचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून वळत नाही) जेमतेम दहा बाय पंधरा फुटांचा परस आहे. एक शेवगा, एक कढीपत्ता, कुंपणाला जास्वंद, धुण्याचा दगड आणि वाळत घालायच्या दोन दोऱ्या. शाळेतून निवृत्त झाले त्या जूनमध्ये मी तिथं एक खुर्ची टाकली. सकाळी शास्त्र (म्हणजे आमचं बायबल) आणि पाखरं, दुपारी रहस्यकथा. उपासना सुटल्यावर मंडळीतल्या बायका विचारतात, "बाई, दिवसभर मागं बसून करता तरी काय?" त्याचं उत्तर चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. ज्यांना स्वतःची अशी खुर्ची लावायची आहे त्यांनी क्रमाने वाचावं.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायातलं सव्विसावं वचन आपल्याला पाठ असतं. आकाशातल्या पाखरांचं. आपल्या मराठी शास्त्रात तिथं नुसतं 'पाहा' नाही, 'निरखून पाहा' आहे. लहानपणापासून मी ते वचन चिंता करू नका या अर्थानेच ऐकलं. त्यात आधी एक काम सांगितलंय, हे साठीला आल्यावर लक्षात आलं. आणि निरखायचं कसं हे मला निम्मं तरी खुनाच्या गोष्टींनी शिकवलं, हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

आधी खुर्ची

खुर्चीची जागा ठरवताना सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर येईल असं बघा. ऊन समोरून आलं तर सगळी पाखरं काळी दिसतात आणि साळुंकी कुठली, कोतवाल कुठला, काही कळत नाही. पाण्याच्या भांड्यापासून दहा-बारा फूट अंतर पुरे. खुर्ची हाताची असावी, दुर्बीण धरताना कोपर टेकता येतं. प्लास्टिकची असेल तर पायांना चिंध्या बांधा. फरशीवर तिचा जो कर्र आवाज होतो त्याने बुलबुल उडतातच, शेजारीही डोकावतात.

पहिले आठ-दहा दिवस नुसतं बसायचं. तीच जागा, तीच वेळ, शक्यतो मळकट रंगाचं पातळ किंवा गाऊन. फोन घरात. पाखरं तुम्हाला ओळखत नसतात, त्यांना तुम्ही नवीन मांजर वाटता. आमच्याकडे चिमण्या चौथ्या दिवशी उतरल्या, दयाळाने तीन आठवडे घेतले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीत किंवा खिडकीच्या आत बसावं. पडद्याची एक फट ठेवली तर काम आणखी सोपं होतं.

पाणी

लोक दाण्यापासून सुरुवात करतात. मी म्हणते पाण्यापासून करा, कारण दाणे खाणारी पाखरं मोजकीच, पाणी सगळ्यांना लागतं. सूर्यपक्षी, शिंपी, तांबट तुमच्या बाजरीकडे ढुंकून बघणार नाहीत, पण एप्रिलच्या दुपारी पाण्यावर येतील.

भांडं मातीचं, पसरट. कुंडीखालची मोठी ताटली चालते. पाणी एक ते दीड इंच, त्याहून खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पाखराला उभं राहायला जागा होते. भांडं सावलीत असावं, पण दाट झुडपाला लागून ठेवू नका, मांजर तिथंच दबा धरतं. झुडूप पाच-सहा फुटांवर हवं, म्हणजे पाखराला पळून जायलाही आसरा राहतो. पाणी रोज बदला. डासांना अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज ओतून टाकलं की तो प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून दोनदा नारळाच्या काथ्याने घासा, साबण लावू नका.

एवढं केलं की महिन्याभरात अंघोळींचे प्रकार दिसतात. बुलबुल छाती बुडवतो, उडतो, दोरीवर झटकतो, पुन्हा येतो. सातभाई सगळे एकदम घुसतात आणि भांडं चिखल करून जातात. भारद्वाज एकटा येतो, गुपचूप पाणी पितो आणि कुंपणावरून चालत निघून जातो.

दाणे, आणि रांगोळीचा शोध

बाजरी, राळे, तांदळाची कणी, फुटकी ज्वारी. एक मूठ, त्याहून जास्त नाही. तास-दीड तासात संपेल एवढंच टाका. शेव, फरसाण, चिवडा, ब्रेड नको. बुलबुल आणि कोकिळेसाठी पिकून काळं पडलेलं अर्धं केळं किंवा पपईची गरासकट साल. पारव्यांचा थवा उतरू लागला तर पंधरा दिवस दाणे सरळ बंद करा, पाणी चालू ठेवा. पारव्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, आणि थवा बसला की चिमणीच्या वाट्याला तसंही काही येत नाही.

आता आमच्याकडची चोरी. सुरुवातीला मी संध्याकाळीच दाणे भरून ठेवायची, पहाटे पाखरांना तयार मिळावेत म्हणून. सकाळी थाळी चाटून पुसून स्वच्छ. माझा संशय आधी कावळ्यावर. यांचा (म्हणजे आमच्या घरच्यांचा) शेजारच्या मांजरावर, पण मांजर बाजरी कशाला खाईल? तेव्हा मला बायबलातला दानीएल संदेष्टा आठवला.

दानीएलाची ती गोष्ट आमच्या प्रोटेस्टंट शास्त्रात छापत नाहीत. आमचा दानीएल बाराव्या अध्यायाला संपतो, कॅथलिकांचा चौदापर्यंत जातो. मी ती मागच्या गल्लीतल्या कॅथलिक मैत्रिणीकडून आणून वाचली होती. बाबेलात (बॅबिलॉनमध्ये) बेल नावाच्या मूर्तीसमोर रोज १२ मापं सपीठ, ४० मेंढरं आणि ६ मापं द्राक्षारस ठेवत. सकाळी सगळं फस्त. राजा म्हणे, बघ, देव जेवतो. दानीएलाने रात्री राजादेखत देवळाच्या जमिनीवर राख पसरली, दाराला मोहोर लावली. सकाळी मोहोर जशीच्या तशी, नैवेद्य गायब, राजा खूश. दानीएल हसला आणि त्याला आत पाऊल टाकू देईना. आधी जमीन बघ म्हणाला. राखेत पुरुषांची, बायकांची, मुलांची पावलं. ७० पुजारी होते, मूर्तीपुढच्या मेजाखाली चोरवाट होती आणि रात्री सगळे सहकुटुंब जेवायला यायचे.

आमच्या घरी चूल नाही, राख कुठून आणणार? नाताळात अंगणात काढून उरलेली पांढरी रांगोळी होती. रात्री थाळीभोवती चाळणीने पसरली. सकाळी चहाचा कप तसाच ठेवून, चपला न घालता, वाकून पाहिलं. नाण्याहून लहान पावलं, मागच्याला पाच बोटं, आणि दोन पावलांच्या रांगांमधून एक बारीक नागमोडी रेघ. शेपटीची. उंदीर! रेघ धुण्याच्या दगडाखाली गेली होती.

या शोधाचा उपयोग असा, की त्या दिवसापासून दाणे उजाडल्यावरच टाकते आणि दहाच्या आत थाळी उचलते. रात्री दाणे बाहेर राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. परस असलेल्या प्रत्येकाने ही खबरदारी घ्यावी, रांगोळी पसरण्याची हौस असो वा नसो.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. दुर्बीण घेणार असाल तर ८×४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, घ्या. त्याहून जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते. पण दुर्बिणीवाचून अडत नाही, माझं पहिलं वर्ष तसंच गेलं.

वहीचा नियम एकच आणि तो मला रहस्यकथांनी लावला: नाव नंतर, आधी पुरावा. पाखरू दिसलं की नाव शोधायला धावू नका. केवढं होतं (चिमणीएवढं, साळुंकीएवढं, कावळ्याएवढं), शेपूट वर की खाली, चोच कशी, जमिनीवर चालत होतं की टुणटुण उड्या मारत होतं, काय खाल्लं, कोणाला हुसकावलं, एवढं लिहा. मग पुस्तक उघडा. नाव आधी डोक्यात बसलं की डोळे तेच दाखवू लागतात, आणि हीच चूक प्रत्येक गोष्टीतला फौजदार करतो.

माझी पाच वर्षं चाललेली एक चूक सांगते. कढीपत्त्याची काळी फळं खायला एक तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचं पाखरू यायचं. मी वहीत 'अनोळखी' लिहीत राहिले. त्याच फांदीवर काळाभोर कोकीळही यायचा, लाल डोळ्यांचा. दोन्ही नोंदी समोरासमोर असून मला दिसलं नाही, की ती ठिपक्यांची म्हणजे त्याचीच मादी. कुहूकुहू करतो तो नर. ती गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळीण बाळंतपण करते. पावशा हाच डाव सातभाईंवर टाकतो. एवढ्याशा परसात एवढी लबाडी चालते, मग लोकांना रहस्यकथेतला वाडा का लागतो कोण जाणे.

आवाजाच्याही नोंदी ठेवा. खारूताई आणि सातभाई एकदम कल्ला करू लागले की मान वर करा. मांजर तरी असतं, शिक्रा (पाखरं मारणारा छोटा शिकारी पक्षी) तरी. काहीच गडबड नसताना सगळं अचानक गप्प झालं तर नक्कीच शिक्रा.

पाहुण्यांच्या तारखा लाल शाईने. थंडीच्या तोंडावर धोबी पक्षी येतो, शेपटी वरखाली हलवत फरशीवर धावतो आणि उन्हाळा लागता लागता जातो. माझ्या वहीत दर वर्षीचा 'धोबी आला' हा दिवस आहे. बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात सातवं वचन करकोच्याचं आणि होल्याचं आहे, की त्यांना आपापल्या येण्याची वेळ कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. आमच्या मंडळीत उपासनेला नेहमी उशिरा येणाऱ्यांना मी हे एकदा ऐकवलं. फारसं आवडलं नाही त्यांना.

मोजणीची आवड लागली तर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पाखरांची मोजणी होते, भारतातही. किमान १५ मिनिटं एका जागी बसून दिसलेली पाखरं मोजायची आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची. त्यात रविवार येतोच. मी उपासनेच्या आधी मोजून घेते.

सकाळचं शास्त्र

पाणी बदललं, दाणे टाकले, आता खुर्चीत शास्त्र. सुरुवातीला पाखरांची वचनं घ्या, एका दिवशी एकच. उत्पत्तीचा आठवा अध्याय, नोहाचा कावळा आणि पारवा. १ राजे १७, करीथ ओहळापाशी एलीयाला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देणारे कावळे. आमचे कावळे नेतात, आणत नाहीत, पण असो. स्तोत्र ८४, वेदीजवळ घर मिळालेली चिमणी. ईयोब ३९ शेवटी ठेवा, त्यात उत्तरं नाहीत, देवाचे प्रश्नच प्रश्न आहेत.

वाचायची रीत तीच, वहीतली. अर्थाकडे धावायचं नाही, आधी काय लिहिलंय ते बघायचं. मत्तय १०:२९ आणि लूक या दुसऱ्या शुभवर्तमानातलं १२:६ (आधी अध्याय, मग वचन) शेजारी ठेवून वाचा. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या. लूकात दोन नाण्यांना पाच. हिशेब करा. दोनाला चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? मंडईत मेथीच्या दोन जुड्या घेतल्या की भाजीवाली वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तशी ती वर टाकलेली. तिला किंमतच नाही. आणि लूक म्हणतो, त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. मी हे वचन शब्बाथ शाळेत वीस वर्षं शिकवलं आणि ती पाचवी चिमणी मला एकदाही दिसली नव्हती.

एक मात्र सांभाळा. प्रत्येक पाखराचं लगेच उदाहरण करू नका. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बुलबुलाचं पिल्लू पहिल्यांदाच दोरीवर येऊन बसलं होतं, शेपटीही धड फुटली नव्हती. आईबाप शेजारी ओरडत होते. मी शास्त्र मांडीवर ठेवून बघत होते. शेवग्यातून शिक्रा आला, आवाज नाही, काही नाही, आणि दोरी हलत राहिली. धुण्याच्या दगडावर तीन-चार बारीक पिसं. आईबाप दुपारपर्यंत त्या दोरीवर येत-जात होते, चोचीत अळी घेऊन.

त्या दिवशीचं वाचन मत्तय दहाच होतं. पुन्हा वाचलं. चिमणी जमिनीवर पडणारच नाही असं ते वचन कुठंही म्हणत नाही. पडते ती पित्यावाचून पडत नाही, एवढंच म्हणतं. याने माझं समाधान झालं का? पूर्ण नाही. याच नगरात राहिलेल्या रेव्हरंड टिळकांची शाळेत पाठ केलेली कविता आठवली, 'केवढे हे क्रौर्य'. रक्ताने माखलेली पक्षीण कशीबशी कोटरात परतते आणि पिल्लांपुढे शेवटचा घास ठेवते. टिळकांनी तिथं माणसाला दोष दिला. शिक्र्याला काय दोष द्यायचा, त्याच्याही घरट्यात पिल्लं असतील. वहीत मी तारीख घातली, 'शिक्रा, बुलबुलाचं पिल्लू, सकाळी ७.२०' एवढंच लिहिलं आणि प्रार्थना न करता उठले. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीपुढे साक्ष द्या यावर. मी नाही दिली.

दुपारची रहस्यकथा

जेवणं आटोपली, पाखरं सावलीला गेली, की दोन ते चार ही वेळ खुनाची. ख्रिस्ती माणसाने खुनाच्या गोष्टी वाचाव्यात का, असं मला आजही विचारतात. लहानपणी माझा भाऊ गीतांच्या पुस्तकाआड बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार धरून बसायचा आणि त्याने मार खाल्लेला आहे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे मारही बरेच दिवस पुरला. त्या वडीलधाऱ्यांना तेव्हा कोणी सांगायला हवं होतं, की हा प्रकार घडवण्यात पाद्र्यांचा चांगलाच हात आहे.

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राऊन घ्या. बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळताना धांदल उडणारा कॅथलिक धर्मगुरू. त्याच्या गोष्टींचा पहिला संग्रह १९११ साली निघाला. त्याला गुन्हेगार कळतो, कारण वर्षानुवर्षं लोकांची पापं तो कबुलीजबाबात ऐकत आलाय आणि तशीच पापं स्वतःच्या मनातही सापडू शकतात हे तो मानतो. पहिल्याच गोष्टीत तो चोराला ज्या एका वाक्यावरून ओळखतो ते मी सांगणार नाही. ते सांगणं हे माझ्या लेखी पापच. रोनाल्ड नॉक्स तर खराखुरा धर्मगुरू. त्याने १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या: गुन्हेगाराचं दर्शन गोष्टीत आधीच घडलेलं असावं, दैवी चमत्काराने उकल करू नये, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, वगैरे. त्याच माणसाने पुढे अख्ख्या बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं.

सुरुवात लघुकथांपासून करा, एका बैठकीत संपणाऱ्या. मग कादंबरी. वाचताना जवळ चिठोरी ठेवा. निम्मं पुस्तक झालं की थांबा, चिठोऱ्यावर संशयिताचं नाव आणि कारण लिहा, शेवटच्या पानात खोचा. कारण लिहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, 'मला वाटलंच होतं' ही पळवाट त्यामुळे बंद होते. चुकलात तर मागे जाऊन तो धागा कुठल्या पानावर डोळ्यांसमोरून गेला ते शोधा. पुस्तकातला खरा मजा तोच आहे असं मला वाटतं, उकल वाचण्याहून जास्त. माझ्या चिठोऱ्यांत दहापैकी तीन बरोबर निघतात. यांच्या पाच, पण ते शेवटचं पान आधी बघतात असा माझा जुना संशय आहे.

आणि मैत्रिणीकडून ते कॅथलिक शास्त्र आणाल तेव्हा दानीएलाचा तेरावा अध्यायही वाचा, सुसान्नेचा. दोन वडील एका निरपराध बाईवर व्यभिचाराचा आळ घेतात. दानीएल दोघांना वेगवेगळं उभं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली पाहिलंत? दोघं दोन झाडं सांगतात. पोलीस ठाण्यात आजही याहून वेगळं काही करत नसावेत.

हंगामाची कामं

चिमणीचं खोकं लावायचं तर जानेवारीतच लावा. सहा इंच लांब-रुंद, आठ इंच उंच लाकडी खोकं, भोक सव्वा इंचाचं, पुढे बसायला काठी नको कारण ती कावळ्याच्या उपयोगाची. आठ-दहा फूट उंचीवर, पश्चिमेचं ऊन लागणार नाही असं. पंख्याच्या वाऱ्यावाटेत नाही. पिल्लं उडून गेली की आतलं गवत काढून टाका. चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना अळ्या-किडे भरवतात. त्यामुळे जास्वंदीवर औषध मारायचं आणि चिमण्यांची वाटही बघायची, हे दोन्ही जमत नाही. २० मार्च हा चिमणी दिवस सुरू करण्यात नाशिकच्या महंमद दिलावर यांचा पुढाकार, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

पिल्लू जमिनीवर दिसलं तर: पंख फुटलेले असतील तर जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा, आईबाप भरवतात. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. घरात आणून दूध पाजू नका.

साडेसहाला दयाळ शेवग्याच्या शेंड्यावर शेवटचं शीळ घालतो. तेवढ्यात थाळी पालथी घालायची, भांड्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीला ओतायचं, चिठोरं पुस्तकात आहे ना बघायचं आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. परवा ती टेकवताना कढीपत्त्यात दोन पानं दोऱ्याने शिवल्यासारखी दिसली. हात लावला नाही. वहीत लिहिलंय: शिंपी? पुरावा हवा.